गाडीचं दुखणं: दोन्ही ऑक्सिजन सेन्सर एकाच दिवशी कसे जातील?

पावसाळ्यात चेक इंजिन लाइटवाले प्रश्न नेहमीच जास्त येतात, पण या वेळी जवळजवळ सगळेच ऑक्सिजन सेन्सरवर (धुराच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आलेत, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. क्लच आणि एसीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढा.

प्रश्न: दादा, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागच्या आठवड्यात जो जोरदार पाऊस झाला त्यात गाडी पाण्यातून काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय तो जातच नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी ०१३५ आणि पी ०१४१ असे दोन कोड आले. मेस्त्री म्हणतो दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले, दोन्ही बदला. आकडा ऐकून घरी आलो. गाडी चालायला एकदम नॉर्मल आहे, फक्त अ‍ॅव्हरेज जरा पडल्यासारखं वाटतंय. बदलून टाकू का? (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर: अजिबात नको, निदान आज तरी नको. आधी ते दोन कोड नीट वाचू. पी ०१३५ म्हणजे पहिल्या बँकेच्या (बँक म्हणजे सिलिंडरची रांग) पहिल्या सेन्सरचं हीटर सर्किट, आणि पी ०१४१ म्हणजे त्याच बँकेच्या दुसऱ्या सेन्सरचं हीटर सर्किट. तुमच्या चार सिलिंडरच्या गाडीला बँक एकच, त्यामुळे पहिला सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणारा डबा) आधी आणि दुसरा नंतर. कोड सेन्सरबद्दल बोलतच नाहीये हो, तो हीटरच्या सर्किटबद्दल बोलतोय, आणि सर्किटमध्ये फ्यूज, रिले, वायर, कपलर (वायर जोडायचा प्लग) आणि ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत, जाणारी परतीची वायर हे सगळं येतं, सेन्सर त्यातला फक्त एक तुकडा.

आता तुम्हीच सांगा, दोन वेगळ्या जागी बसलेले दोन वेगळे सेन्सर, एक इंजिनाजवळ आणि एक गाडीच्या पोटाखाली, ते पाण्यातून गाडी काढल्यावर एकाच रात्रीत, आणि दोघांचंही फक्त हीटरच जावं? होऊ शकतं, पण मी त्यावर पैज लावणार नाही. दोन्ही हीटरना बारा व्होल्टचा सप्लाय बहुतेक गाड्यांत एकाच फ्यूजमधून जातो, आणि तुमची केस मला सरळसरळ उडालेल्या फ्यूजची वाटतेय.

हीटर कशाला लागतो ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं समजेल. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं, ते साधारण तीनशे अंशांच्या वर तापलं की मगच धुराड्यातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यातल्या फरकावर व्होल्टेज तयार करतं. जुन्या सेन्सरांना हीटर नव्हता, ते सायलेन्सरच्या गरम धुरावरच तापायचे आणि तोपर्यंत ईसीयू अंदाजाने पेट्रोल मारायचा. (हा सेन्सर गाडीत पहिल्यांदा आला १९७६ मध्ये, बॉशने बनवला होता आणि व्होल्वोच्या गाड्यांवर आला, अमेरिकेसाठी.) हीटर बंद असला तरी गाडी चालते कारण धूर सेन्सरला तापवतोच, म्हणून तुम्हाला हायवेवर काही कळणार नाही, पण सकाळी स्टार्ट करून राजाराम पुलापर्यंत ट्रॅफिकमध्ये रांगत गेलात की सेन्सर नीट जागा होत नाही आणि तेवढा वेळ पेट्रोल जास्त जातं. अ‍ॅव्हरेज पडलं ते यामुळे.

तपासायचं कसं? फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये बघा, ऑक्सिजन सेन्सर किंवा हीटर असं लिहिलेला फ्यूज काढा आणि डोळ्याने बघू नका, मल्टिमीटरने बघा, कारण काही फ्यूज वरून धड दिसतात आणि आतून तुटलेले असतात. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन घाला. मोठा घालायचा मोह होतो पण नको, मग फ्यूज राहील आणि वायरिंग जळेल. नवीन फ्यूज टिकला तर कोड डिलीट करा, दोन दिवस चालवा, झालं. तो पण उडाला तर कुठेतरी वायर चेसिसला किंवा सायलेन्सरला टेकतेय, मग एकेक सेन्सरचा कपलर काढून बघायचं, ज्याचा कपलर काढल्यावर फ्यूज उडायचा थांबतो तिकडे दोष. माझा संशय मागच्या सेन्सरच्या वायरवर. ती गाडीच्या पोटाखालून जाते, एखाद्या उंच स्पीडब्रेकरने तिची क्लिप तुटते, वायर लोंबते आणि गरम पाइपला लागून वितळते, आणि मग पाणी आलं की शॉर्ट. गाडी पिटवर घेऊन खाली बॅटरी मारून बघितलं तरी दिसेल.

फ्यूज ठीक निघाला तर पुढची पायरी. सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन करा आणि गाडीकडच्या बाजूच्या कपलरमध्ये हीटरच्या पिनवर बारा व्होल्ट येतायत का बघा (काही गाड्यांत इंजिन चालू असतानाच येतात, तेवढं ध्यानात ठेवा). येत नसतील तर सेन्सरचा काही संबंधच नाही, मागे रिले आणि वायरकडे जायचं. येत असतील तर चावी बंद करून सेन्सरच्या बाजूने दोन सारख्या रंगाच्या वायर शोधा, बऱ्याचदा पांढऱ्या, काहींत काळ्या, त्या हीटरच्या. त्यांच्यात ओहम मोजा. थंड असताना काही थोडे ओहम यायला पाहिजेत, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. मीटर काहीच दाखवत नसेल म्हणजे सर्किट ओपन, हीटर जळालाय, आणि मग, मगच, सेन्सर बदलायचा. तो सुद्धा ज्याचा गेला तो एकच.

मेस्त्रीशी भांडू नका. त्याला म्हणा, "आधी फ्यूज आणि सप्लाय चेक करा, तपासणीचे पैसे वेगळे देतो." बऱ्याच गॅरेजवाल्यांना तपासणीचे पैसे कुणी देतच नाही, पार्टवरच कमाई होते, म्हणून स्कॅनर जे बोलला ते बदललं अशी सवय लागलीय. यात दोष गिऱ्हाइकाचाही आहे असं माझं मत.

प्रश्न: सर नमस्कार, मी बावधनची. गाडीला पी ०१३१ आणि पी ०१७१ कोड येत होते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, ओरिजिनल घेतला, बिल आहे. काही आठवडे दिवा गेला आणि आता परत तेच दोन्ही कोड. दुकानदार म्हणतो सेन्सरला वॉरंटी नसते. सेन्सर डुप्लिकेट असेल का? सकाळी गाडी सुरू केली की इंजिनमधून टिकटिक आवाज येतो, गरम झाली की जातो, त्याचा काही संबंध नसेल बहुतेक. (एक वाचक, बावधन)

उत्तर: ताई, शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण मला वाटतं उत्तर तिथेच आहे!

पी ०१३१ म्हणजे पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज सतत कमी, पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. साधा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खेळतो, ०.४५ च्या खाली लीन, वर रिच (पेट्रोल जास्त), आणि तब्येत बरी असली की गरम इंजिनवर तो सारखा वर-खाली नाचत राहतो. तुमचा खालीच बसलाय. सेन्सर खराब असेल तरी असं होतं, पण तुम्ही नवीन घातला आणि तो पण तेच सांगतोय. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर साक्षीदार बदलत बसू नये.

थंड इंजिनला टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, हे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) बारीक तडा असल्याचं किंवा त्याचं गॅस्केट गेल्याचं जुनं लक्षण आहे, धातू तापून फुगला की फट मिटते. गंमत म्हणजे त्या फटीतून धूर नुसता बाहेर जात नाही, दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते, त्यातला ऑक्सिजन सेन्सरपुढून जातो, आणि सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो की ऑक्सिजन फार आहे. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. म्हणजे इंजिनमध्ये मिश्रण मुळात ठीक असतं आणि आपण त्याला उगाच पेट्रोल पाजतोय. मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळी दिसतेय का बघायला सांगा, थंड गाडी स्टार्ट करून लगेच, पाइप तापायच्या आत.

तिथे काही सापडलं नाही तर इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा आत घेणाऱ्या बाजूची हवा बघायची. त्यासाठी फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय) नावाचा आकडा स्कॅनरवर लाइव्ह डेटामध्ये असतो, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. दोन्हींची बेरीज साधारण अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असली की फार काळजी नाही, तुमच्याकडे ती अधिक वीसच्या पुढे असणार म्हणूनच ०१७१ आलाय. आता आयडलवर (रेस न देता) आकडा बघा आणि मग रेस देऊन अडीच हजार आरपीएमवर धरून बघा. आयडलवर फार जास्त आणि रेसवर कमी होत असेल तर कुठलातरी व्हॅक्यूम पाइप फाटलाय किंवा निसटलाय. उलट, आयडलवर बरा आणि घाटात, लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमी पडतोय, किंवा हवा मोजणारा सेन्सर घाण झालाय. बावधनहून चांदणी चौकाचा चढ आहेच, स्कॅनर जोडलेला मोबाइल शेजारच्याच्या हातात देऊन वाचायला सांगा, स्वतः गाडी चालवताना नको.

नवीन सेन्सर जिवंत आहे का याची खात्री पण इथेच होते. गरम इंजिनवर अचानक रेस दाबली की व्होल्टेज ०.८ च्या वर उडी मारलं पाहिजे, सोडली की ०.२ च्या खाली आलं पाहिजे. पटकन हलत असेल तर सेन्सर चांगला आहे, दुकानदाराला सोडून द्या. नवीन बीएस-६ गाडीवाल्यांना एक सूचना: तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तो असा नाचत नाही, आकडे स्थिर दिसतात, ते बघून सेन्सर मेला असं ठरवू नका. तिथे लॅम्डाचा आकडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, एक म्हणजे बरोबर) एकच्या आसपास आहे का ते बघायचं.

प्रश्न: भाऊ, आपली गाडी टॅक्सी परमिटवर आहे, बाहेरून सीएनजी कीट बसवलंय. सीएनजीवर दिवसभर मारली की संध्याकाळी चेक इंजिन, पेट्रोलवर चालवली की दोन दिवसांनी आपोआप जातो. पंपावर एक जण म्हणाला ऑक्सिजन सेन्सर काढून टाक, सीएनजीला लागत नाही. खरं का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: खोटं. सिक्वेन्शियल कीट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर) असेल तर गॅसचा ईसीयू पेट्रोलच्या ईसीयूचा हिशोब घेऊन त्याला आपला गुणक लावून गॅसचे इंजेक्टर उघडतो, आणि पेट्रोलचा ईसीयू मिश्रण बघतो कशावरून तर ऑक्सिजन सेन्सरवरूनच. तो काढला तर दोन्ही इंधनांवर अंधार. तुमच्या केसमध्ये सीएनजीवर कोड येतो आणि पेट्रोलवर जातो यावरून सेन्सर चांगला आहे असंच मी म्हणेन, गॅसचं ट्यूनिंग हललंय, किंवा गॅस फिल्टर चोंदलाय, किंवा रेग्युलेटरचं प्रेशर पडलंय. आधी पेट्रोलवर वीस-पंचवीस किलोमीटर मारून ट्रिम लिहून घ्या, मग सीएनजीवर तेवढंच मारून परत लिहा. दोन्हीत मोठा फरक असेल तर कीट बसवणाऱ्याकडे लॅपटॉप लावून ट्यूनिंग करून घ्या, आणि ते करताना तो गाडी चालवून करतोय ना बघा, जागेवर उभी करून दोन मिनिटांत "झालं साहेब" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न: पी ०४२० आलाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतात. एका ठिकाणी म्हणाले की कन्व्हर्टर आतून खाली करून देतो आणि मागच्या सेन्सरला बुश (सेन्सर धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावतो, दिवा कायमचा जाईल, पिकअप पण वाढेल, स्वस्तात होईल. करू का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: नको. एक तर ते बेकायदेशीर आहे, आणि दुसरं, तुमच्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महागडे धातू असतात, "खाली करून देतो" म्हणणाऱ्याला तो आतला माल कुठे जातो ते विचारा एकदा.

०४२० चा अर्थ एवढाच की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही असं ईसीयूला वाटतंय, आणि ते त्याला मागच्या सेन्सरवरून वाटतंय. कन्व्हर्टर ठीक असला की पुढचा सेन्सर नाचतो आणि मागचा जवळजवळ शांत राहतो, साधारण ०.६ - ०.७ व्होल्टवर. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला तर कन्व्हर्टर थकला. पण मधल्या जोडातून हवा शिरत असेल तरी मागचा बिघडतो, म्हणून लीकेज आधी बघा. आणि कन्व्हर्टर खरंच गेला असेल तर तो का गेला ते शोधल्याशिवाय नवीन घालू नका. इंजिन मिसिंग करत होतं का, ऑइल पितंय का? मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. चेक इंजिन दिवा नुसता लागलेला असेल तर घरी जाऊन बघता येतं, पण लुकलुकत असेल तर तो मिसिंगचा इशारा आहे, रेस कमी करा, गाडी बाजूला घ्या.

प्रश्न: दिवा लागलेला असताना पीयूसी पास झाली, म्हणजे सेन्सर ठीक आहे ना? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर: नाही हो. पीयूसीवाला नळकांडं घालून त्या घडीचा धूर मोजतो, तुमचा कोड वाचत नाही. बीएस-४ पासून पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, आणि रेसवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये. हीटरचा कोड असलेली गाडी तापवून नेली तर आरामात पास होईल. पण पास होणारी गाडी एकाएकी लॅम्डावर नापास व्हायला लागली तर मात्र एक्झॉस्टचं लीकेज आणि पुढचा सेन्सर दोन्ही बघून घ्या.

प्रश्न: ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोलमुळे लीनचे कोड येतात असं सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय. (एक वाचक, वाकड)

उत्तर: अर्धं खरं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं प्रमाण लागतं तिथे ई-२० ला साधारण साडेतेराला १ पुरते. सेन्सरला हे दिसतं, ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो, लाँग टर्म ट्रिम काही टक्के वर सरकतो, बस. धडधाकट गाडीला एवढ्याने कोड येऊ नये. पण आधीच फाटक्या पाइपमुळे अधिक पंधरा टक्के ट्रिमवर बसलेली गाडी या जास्तीच्या टक्क्यांनी पलीकडे ढकलली जाते, आणि मग सगळा दोष पेट्रोलला.

प्रश्न: सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने साफ केला तर चालेल का? आणि नवीन घ्यायचाच झाला तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून घेऊ का? (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर: साफ करू नका, सिरॅमिकचं टोक नाजूक असतं आणि आत जे विष बसलंय ते ब्रशने निघत नाही. पण काढलात तर टोक बघा जरूर. कोरडी काळी काजळी असेल तर गाडी रिच चाललीय, तेलकट काळं असेल तर ऑइल जळतंय, पांढरी खरखरीत पुटी असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट. कुणी हल्लीच टॅपेट कव्हर किंवा ऑइल पॅन सीलंट लावून बसवलंय का आठवा, साध्या सिलिकॉनच्या वाफा सेन्सर मारतात, डबीवर सेन्सर-सेफ लिहिलेलं असतं ते वापरायला सांगा.

नाना पेठेतून घ्यायला हरकत नाही, पण जुना सेन्सर हातात घेऊन जा, त्यावरचा पार्ट नंबर जुळवा, कपलर जुळवा, पक्कं बिल घ्या. वायर कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर शक्यतो टाळा. घेतलाच तर वायर सोल्डर करू नका, क्रिम्प करा, कारण बरेच सेन्सर बाहेरची हवा वायरच्या आतूनच ओढतात आणि सोल्डरने ती वाट बंद होते, कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही तेही त्याचसाठी. जुना काढताना इंजिन किंचित कोमट असू द्या, बावीसचा फटवाला सॉकेट लागतो, साध्या पान्याने कडा गोल होतात आणि मग तो सेन्सर मॅनिफोल्डसकट बाहेर येतो. नव्याच्या आट्यांवर पेस्ट आधीच लावलेली येते, वर आणखी थापू नका, आणि टोकाला तर बोटसुद्धा लावू नका.

प्रश्न: मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का? गाडी २०१४ ची. (एक वाचक, कात्रज)

उत्तर: घ्या. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतली दोष सांगणारी यंत्रणा) आहे, स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट सापडेल. ईएलएम ३२७ वाला साधा अडॅप्टर कोड आणि ट्रिम वाचायला पुरतो, एअरबॅग-एबीएस त्यात दिसणार नाही. कोड आला की डिलीट करायच्या आधी फ्रीझ फ्रेम उघडा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएम होते, ट्रिम किती होता ते सगळं त्यात असतं, आणि डिलीट दाबलं की ते पण जातं. गॅरेजमध्ये तो स्क्रीनशॉट दाखवा. वापरून झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवा, महिनाभर उभ्या गाडीत लावून ठेवलात तर बॅटरी उतरेल.